विश्लेषण : एसयूव्हीचे शॉकअप कधी बदलायचे? आणि गाडी ‘उचलण्या’ची खरेच गरज आहे का?

गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या मोठ्या गाड्या पुढचे काही आठवडे गॅरेजच्या दारात उभ्या दिसतात. तक्रार ठरलेली असते, ‘खड्ड्यातून गेली की खाली काहीतरी खडखडते, जरा बघा.’ मेकॅनिक एखादी लिंक रॉड बदलतो, एखादा बुश बदलतो, आवाज थांबतो आणि मालक समाधानाने गाडी घेऊन जातो. ज्या भागाने महाड ते सावंतवाडीपर्यंतचा सगळा मार खाल्ला, त्या भागाकडे कोणी पाहिलेलेच नसते. कारण तो आवाज करत नाही. तो गपचूप मरतो.

तो भाग म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतला शॉकअप. तीस-चाळीस लाखांची गाडी घेणारा माणूस सीट कव्हर, अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिमवर हौसेने खर्च करतो. तीच गाडी ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर झाली, तरी कारखान्यातून आलेल्या शॉकअपवरच धावत असते. दुसरीकडे काहीजण जेमतेम वर्षभर जुन्या गाडीचे उत्तम स्थितीतले शॉकअप काढून तिला दोन इंच ‘उचलणारे’ किट बसवतात. पहिला खर्च टाळणे आणि दुसरा करणे या दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात. शॉकअप ही चैन किंवा हौस आहे, असे दोघांनाही वाटत असते. प्रत्यक्षात तो टायर आणि ब्रेकच्या पंक्तीला बसणारा सुरक्षेचा भाग आहे.

धक्का नेमके कोण शोषते?

शॉक अ‍ॅब्सॉर्बरला मराठी पुस्तकांत ‘धक्काशोषक’ म्हणतात. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत. खड्ड्याचा धक्का आधी झेलते ती स्प्रिंग, किंवा बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या बाजूचे पाटे. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की, दाबली की ती उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. तिला एकटीला सोडले तर एका गतिरोधकानंतर गाडी बराच वेळ होडीसारखी डुलत राहील. हे डुलणे थांबवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलातून वर-खाली होणारा दट्ट्या असतो. दट्ट्याच्या बारीक झडपांतून तेलाला जबरदस्तीने जावे लागते, त्यातून विरोध निर्माण होतो, स्प्रिंगमधली ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हवेत विरते. खराब रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा शॉकअप हात लावू नये इतका तापू शकतो, तो यामुळेच. ब्रिटिश लोक त्याला ‘डँपर’ म्हणतात. शमवणारा या अर्थाने ते नाव अधिक नेमके आहे.

शॉक आणि स्ट्रट यांत फरक काय?

बिलावर कधी ‘शॉक’ लिहिलेले असते, कधी ‘स्ट्रट’, आणि रकमेत बराच फरक असतो. नुसता शॉकअप फक्त डुलणे शमवतो, तो काढला तरी चाक जागेवर राहते. स्ट्रट मात्र सांगाड्याचा भाग असतो. चाक उभे धरणे, स्प्रिंग पेलणे आणि स्टिअरिंग वळवताना त्याच्यासोबत फिरणे ही कामेही त्याच्याकडेच असतात. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० मध्ये फोर्डच्या ब्रिटनमधील ‘कॉन्सल’ गाडीत आली. जागा कमी आणि खर्च कमी, म्हणून आज जगभरातील बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर तीच दिसते.

मोठ्या गाड्यांत मात्र सरमिसळ आहे. टाटा सफारी (२०२१ नंतरची) आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एन या शिडीसारख्या चासीवर उभ्या असलेल्या गाड्यांना पुढे डबल विशबोन आहे. तिथेही शॉकअप स्प्रिंगच्या पोटात बसवलेला असल्याने मेकॅनिक त्याला सरसकट स्ट्रटच म्हणतात, पण चाक धरण्याचे काम वरच्या-खालच्या आर्मचे असते. फॉर्च्युनरच्या मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळे आहेत. मागचा शॉकअप काढणे त्यामुळे तुलनेने सोपे, तर पुढचा काढायला स्प्रिंग दाबून धरणारे अवजार लागते. म्हणूनच अनेक गाड्यांचे मागचे शॉकअप बदलले जातात आणि पुढचे ‘अजून चालतील’ म्हणून राहतात. ब्रेक मारल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

झीज कळत का नाही?

टायर गुळगुळीत झाला की डोळ्यांना दिसतो, ब्रेक पॅड संपले की कर्कश आवाज येतो. शॉकअपचे तसे नाही. झडपा झिजतात, सील सैल होते, तेल पातळ होते, आणि हे सगळे हजारो किलोमीटरमध्ये थोडे-थोडे होते. रोज तीच गाडी चालवणाऱ्याचे हात या बिघाडाशी नकळत जुळवून घेतात. तो वळणावर थोडा आधी वेग कमी करतो, ब्रेक थोडा आधी दाबतो. ‘जुनी झाली गाडी, एवढे चालायचेच,’ असे म्हणतो. तक्रार आधी येते ती तिसऱ्या रांगेतून. पूर्वी कधी त्रास न झालेल्या आजीला किंवा मुलांना अचानक घाटात ‘गाडी लागायला’ लागली, तर दोष दरवेळी सकाळच्या मिसळीचा नसतो.

बॉनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, ही जुनी परीक्षा दोन टनांच्या एसयूव्हीला फारशी लागू पडत नाही. स्प्रिंग इतक्या ताठ असतात की, माणसाच्या वजनाने त्या दबतच नाहीत. त्यापेक्षा गाडी चालवताना लक्ष द्यावे. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाते का? महामार्गावर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन स्थिर होते, की दोन-तीन हेलकावे घेते? लेन बदलल्यावर मागची बाजू उशिराने येते का? उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात फिरवला तर ठरावीक अंतरावर खड्डे-उंचवटे लागतात का? चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता उड्या मारत असेल, तर टायर असा तुकड्या-तुकड्यांत झिजतो. चाकाच्या फटीतून मोबाइलची बत्ती मारून शॉकअपची नळीही पाहता येते. वरच्या बाजूला तेलाचा पातळ ओलावा, त्यावर धूळ, हे बहुधा नेहमीचेच. तेल ओघळून नळी खालपर्यंत भिजली असेल, तर तो शॉकअप संपला.

किलोमीटरचा आकडा सांगायचा तर अमेरिकेत शॉकअप बनवणारे पन्नास हजार मैल, म्हणजे सुमारे ऐंशी हजार किलोमीटर सांगतात. आकडा विकणाऱ्यांचा आहे, हे विसरू नये. पण तो तिकडच्या रस्त्यांसाठीचा आहे, हेही विसरू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकानुसार वेग ताशी २५ किलोमीटरवर आणणारा गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा, म्हणजे त्याचा चढ-उतार संथ हवा. गावोगावी लोकांनी किंवा ठेकेदाराने रातोरात घातलेले टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत, हे कोणत्याही चालकाला ठाऊक आहे. त्यांची किंमत शॉकअप चुकवतो. म्हणून केवळ आकड्यावर विसंबण्यापेक्षा पन्नास हजारांनंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासणी मागून घेणे शहाणपणाचे.

प्रश्न आरामाचा की ब्रेकचा?

ब्रेक गाडी थांबवत नाही, टायर थांबवतो. ब्रेक फक्त चाक थांबवतो. चाक आणि रस्ता यांच्यातील पकड ही चाक रस्त्यावर किती दाबलेले आहे त्यावर अवलंबून असते. झिजलेल्या शॉकअपमुळे चाक क्षणभर हलके होते, पुन्हा आदळते, पुन्हा हलके होते. हलक्या क्षणी एबीएसला वाटते की चाक घसरते आहे, म्हणून ते त्या चाकाचा ब्रेक सैल करते. खडबडीत रस्त्यावर थांबण्याचे अंतर असे वाढत जाते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, मोठ्या गाड्यांत स्थिरता राखणारी ईएससी यंत्रणाही आली. पण ही सगळी इलेक्ट्रॉनिक हुशारी टायर जमिनीला टेकलेला आहे, हे गृहीत धरून चालते.

महाराष्ट्रात हा प्रश्न अलीकडे अधिक गंभीर झाला आहे. गेली कित्येक वर्षे रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने किंवा तालुक्याच्या रस्त्यांनी शॉकअप झिजवायचे, पण तिथे वेगच चाळीसचा असल्याने ते कळत नाही. मग तीच गाडी समृद्धी महामार्गावर चढते. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. या वेगात गाडी सेकंदाला तेहतीस मीटर पुढे जाते. सात माणसे, त्यांचे सामान आणि समोर अचानक आलेला अडथळा. खड्ड्यांच्या रस्त्यावर झालेली झीज अशी सर्वात गुळगुळीत रस्त्यावर, सर्वात वाईट क्षणी उघडकीस येते.

बदलताना काय पाहावे?

शॉकअप एकटा बदलू नये, एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही बदलावेत. एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. पुढच्या स्ट्रटसोबत वरचे माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळ अडवणारे रबर पाहावे. मजुरी एकदाच लागते आणि या छोट्या भागांवर वाचवलेले पैसे सहा महिन्यांत दुप्पट जातात. स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्यच. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू नयेत, चाके जमिनीवर टेकवून आवळावेत. नाहीतर गाडी खाली उतरल्यावर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. ही शेवटची गोष्ट गॅरेजमध्ये विचारावीच लागते, कारण घाईत ती हमखास राहते.

जुना शॉकअप उघडून, तेल आणि सील बदलून, पुन्हा बंद करून देणारी दुकाने प्रत्येक शहरात आहेत. कौशल्य मोठे आहे, यात शंका नाही. पण झिजलेल्या झडपा आणि दट्ट्या त्याने नवे होत नाहीत, आणि डावी-उजवी बाजू सारखी वागेल याची खात्री देणारे मोजमाप तिथे नसते. दोन टनांच्या गाडीत हा उपाय करू नये. अस्सल भागांसाठी फार दूर जावे लागते असेही नाही. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल ही कंपनी १९६१ पासून देशात आहे आणि चाकणला तिचा कारखाना आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. खडखड ऐकली की ‘चारही शॉकअप गेले साहेब’ असे सांगणारेही आहेत. आवाजाचे मूळ बहुतेक वेळा लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये असते. शॉकअपचा निकाल आवाजावरून लावू नये, गाडी कशी डुलते यावरून लावावा.

‘अपग्रेड’ कोणाला हवे?

इथे बाजार मोठा आहे आणि भाषा मोहक आहे. आधी सर्वात स्वस्त प्रकार पाहू. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर. ‘गाडी खाली टेकते’ या तक्रारीवर हा उपाय रस्त्यावरच्या दुकानात अर्ध्या तासात करून मिळतो. बफरमुळे स्प्रिंगची काही वेटोळी काम करेनाशी होतात, ती ताठ होते, गाडी थोडी वर येते, मालक खूश. पण ताठ स्प्रिंग अधिक जोराने उसळते आणि तिला आवरायला तोच जुना शॉकअप असतो. म्हणजे दुबळ्या माणसाच्या हातात आणखी मस्तवाल बैल दिला. गाडी टेकते याचे खरे कारण बहुधा थकलेली स्प्रिंग असते. तशीच मूळ मापाची नवी स्प्रिंग घालणे हा त्यावरचा इलाज.

त्यावरचा प्रकार म्हणजे मोनोट्यूब शॉकअप. बहुतेक गाड्यांत कारखान्यातून येतो तो ट्विन ट्यूब, म्हणजे नळीत नळी, वर कमी दाबाचा वायू. सतत खराब रस्त्यावर तेल तापते, वायूत मिसळून फेसाळते आणि शॉकअप तात्पुरता ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी असते. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पडदा असल्याने फेस होत नाही, आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने उष्णता लवकर जाते. लेह-लडाखच्या मोहिमा, शेतातले रस्ते, सतत भरलेली गाडी, असा वापर असेल तर हा खर्च समर्थनीय आहे. शहरात मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला त्याचा फायदा कमी आणि लहान खड्ड्यांवरचा कडकपणा जास्त जाणवतो. एक दगड नळीवर नेमका बसून खळगा पडला तर दट्ट्या अडकतो, हेही मोनोट्यूब विकणारा सांगत नाही.

शिवाय काही नव्या गाड्यांचे मूळ शॉकअपच साधे नसतात. एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये हालचालीच्या वारंवारतेनुसार मऊ-कडक होणारे शॉकअप आहेत. बारीक, जलद थरथरीला ते मऊ राहतात आणि वळणावरच्या संथ कलण्याला कडक. ती झडप नसलेला बाहेरचा ‘हेवी ड्यूटी’ शॉकअप तिथे बसवणे म्हणजे जास्त पैसे देऊन कमी घेणे.

आणि मग लिफ्ट किट. ऑस्ट्रेलियातील ‘ओल्ड मॅन ईमू’सारखे ब्रँड ज्या देशात वाढले, तिथे लोक पोलादी बंपर, छतावर सामान, मागे पाण्याच्या टाक्या घेऊन वाळवंटात शेकडो किलोमीटर जातात. त्यांच्या स्प्रिंग गाडीवर कायम किती जादा किलो आहेत हे विचारून निवडल्या जातात. आपल्याकडे धातूच्या बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे निर्देश दिले. म्हणजे ज्या वजनासाठी ती स्प्रिंग बनली ते वजन रिकाम्या शहरी गाडीवर नसतेच, आणि ती गाडी दगडासारखी आदळत जाते.

उंचीचा हिशेब तर साधा आहे. मारुती स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद आणि १५२० उंच आहे. फॉर्च्युनर १८५५ रुंद आणि १८३५ उंच, म्हणजे जेवढी रुंद जवळपास तेवढीच उंच. तिचा गुरुत्वमध्य आणखी ५० मिलिमीटर वर नेला की घाटातल्या उलट-सुलट वळणांवर नेमके काय वाढते, हे सांगायला अभियंता लागत नाही. मूळ स्थितीतही उंच गाड्यांचे गणित किती नाजूक असते, याचे उदाहरण याच घराण्यात आहे. फॉर्च्युनरशी सांगाडा वाटून घेणारी हायलक्स २०१६ मध्ये ‘टेक्निकेन्स व्हार्ल्ड’ या स्वीडिश मासिकाच्या अचानक वळण्याच्या चाचणीत दोन चाकांवर उभी राहिली. कंपनीने सुधारणा केल्यानंतर ती पुढच्या चाचणीत उत्तीर्ण झाली. कारखान्याला सुधारणा करता येते, चाचणी पुन्हा घेता येते. गल्लीतल्या दुकानात उचललेल्या गाडीची ईएससी मात्र जुन्याच उंचीचा हिशेब धरून बसलेली असते. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलांसाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाचे शॉकअप बसवणे ही देखभाल आहे, त्याला कोणी हरकत घेत नाही. उंची आणि चाकांचे माप बदलणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी तो नक्की विचारू शकते.

तपासणार कोण?

मालकांवर दोष टाकून विषय संपत नाही. खासगी मोटारीला नोंदणीनंतर पंधरा वर्षे कोणतीही यांत्रिक तपासणी सक्तीची नाही. मधल्या काळात सरकार पाहते ते फक्त पीयूसी, म्हणजे धूर. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि गळणारा किंवा निकामी शॉकअप हा त्यात नोंदवला जाणारा दोष आहे. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासली जाते. आपल्याकडे लगेच सगळ्या खासगी गाड्यांसाठी अशी यंत्रणा उभी राहणे कठीण आहे, आणि घाईने उभी केली तर ती दाखला विकणारी आणखी एक खिडकी होईल ही भीती रास्त आहे. पण सुरुवात वजनाने करता येईल. दोन टनांच्या आसपासच्या किंवा त्याहून जड खासगी गाड्यांना पाच वर्षांनंतर दर दोन वर्षांनी टायर, ब्रेक आणि शॉकअप एवढीच तपासणी लागू करता येईल. या गाड्या धडकतात तेव्हा समोर बहुतेकदा दुचाकी किंवा छोटी मोटार असते.

तोवर जुन्या गाड्यांच्या बाजारात पाच वर्षांची, पॉलिश केलेली, नव्या सीट कव्हरची एसयूव्ही रोज विकली जाते. घेणारा बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, एसी लावून पाहतो, टायरवर नखाने दाबतो, कागदपत्रे तपासतो आणि मैदानाला एक फेरी मारून व्यवहार ठरवतो. त्या फेरीत वेग तीसच्या वर जात नाही. गाडीखाली वाकून बत्ती मारणारा शंभरात एखादाच.